दोन गाठोडी

प्रमुख पाहुणा होण्याचा योग माझ्या आयुष्यात एकदाच आला, आणि तो एका कपड्याच्या दुकानाने आणला.

त्याआधी तीसेक वर्षं मी कर्नाटकातल्या आळंदच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. समारंभ मी पुष्कळ पाहिले, पण मागच्या बाजूने. पाहुण्यांना भेट देण्यासाठी पुस्तक निवडणं हे माझं काम असे. पाहुणे भाषण करून, हार घेऊन जात आणि पुस्तक टेबलावर विसरून जात. दुसऱ्या दिवशी मी ते परत कपाटात लावी. एकच जाडजूड पुस्तक मी सात पाहुण्यांना भेट दिलेलं आहे, आणि ते अजून कोरं असणार. त्यामुळे व्यासपीठ, समई, शाल आणि नारळ यांच्याविषयी माझं मत फारसं आदराचं नव्हतं. ते मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. नंतर जे झालं त्याची लाज वाटायला हे बोलणंच जास्त कारणीभूत आहे.

हे दुकान दोन वर्षांपूर्वी बाजारात आलं. पूर्वी तिथे तुरीची आडत होती. पोत्यांची थप्पी जिथे असे तिथे आता काचेमागे डोकी नसलेले पुतळे उभे असतात. दर आठवड्याला त्यांचे कपडे बदलतात. आळंदच्या माणसांना तेवढं जमत नाही, पण प्रयत्न चालू आहे. माझ्या लहानपणी कापड दिवाळीला आणि घरच्या लग्नाला, दोनदाच घरात येई. शिंपी वाढत्या अंगाचं माप घेई आणि ते कपडे फाटेपर्यंत वाढतच असत. आता कपडा घेणं कोथिंबीर घेण्याइतकं सोपं झालं आणि तो टिकतोही साधारण तेवढाच. मी याची चेष्टा करी. पण ज्या मुलींनी जन्मभर थोरल्या बहिणीच्या अंगावरून उतरलेलं घातलं, त्या आता आरशासमोर उभ्या राहून ‘हा नको, तो दाखवा’ म्हणतात, हेही मी पाहिलं आहे. ते काही थोडं नव्हे. मी स्वतः तिथून दोन पँटी घेतल्या. एकीची चेन पंधरा दिवसांत गेली. दुसरी चांगली टिकली, कारण ती मी घालत नाही.

दुकानाला वर्ष झालं तेव्हा त्याचा मॅनेजर माझ्या घरी आला. कलबुर्गीचा तरुण मुलगा, गळ्यात टाय. थंडी होती म्हणून टाय सोसत असावा.

“सर, आमच्या कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा प्रोग्राम आहे. सोसायटीला परत द्यायचं.”

“काय घेतलं होतं?” मी विचारलं.

तो हसला. हे हसू बहुतेक प्रशिक्षणात शिकवतात. लोकांनी जुने कपडे दुकानातल्या पेटीत आणून टाकायचे, कंपनी ते गरजूंना पोचवणार, देणाऱ्याला पुढच्या खरेदीवर सूट मिळणार, असं त्याने सांगितलं. पेटीचं उद्घाटन माझ्या हातून व्हावं आणि पहिलं गाठोडंही माझंच पडावं, अशी त्याची इच्छा होती.

मी नाही म्हणालो. जुने कपडे घेऊन बदल्यात काहीतरी देणारीला आमच्याकडे बोहारीण म्हणतात आणि तिला प्रमुख पाहुणा लागत नाही, असंही म्हणालो.

“सर, तुमच्यासारखं वाचलेलं माणूस आळंदमध्ये दुसरं कोण आहे?”

इथे मी हरलो. स्तुतीमुळे हरलो असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. त्या आठवड्यात माझ्या घरात शिरलेला तो पहिला माणूस होता. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला, तिचा फोन रविवारी. खाणावळीचा माणूस दोन वेळचा डबा कडीला अडकवून, घंटी वाजवून निघून जाई; मी दार उघडेपर्यंत त्याची सायकल कोपऱ्यावर पोचलेली असे. मॅनेजरने माझ्याकडे चहा घेतला. मी केलेला चहा, आणि त्याने तो संपवला. अशा माणसाला दुसऱ्यांदा नाही म्हणणं मला जमलं नाही.

आता गाठोड्यांविषयी सांगायला हवं.

आमच्या कपाटात दोन गाठोडी होती, दोन्ही माझ्या वडिलांच्या जुन्या धोतरांत बांधलेली. एक आहेराच्या साड्यांचं. आमच्याकडे लग्नात आहेराला आलेली साडी सहसा कुणी नेसत नाही. ती पुठ्ठ्यासकट, प्लास्टिकसकट ठेवायची आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी द्यायची. काही साड्या अशा वर्षानुवर्षं फिरत असतात. आळंदहून निघून उमरगा, अक्कलकोट बघून परत येतात, पण घडी मोडत नाही. यात धोका एकच, ज्याने दिली त्यालाच ती परत जाण्याचा. म्हणून माझी बायको प्रत्येक साडीला टाचणीने चिठ्ठी लावून ठेवी : कुणी दिली आणि कुणाला देऊ नये.

दुसरं गाठोडं तिच्या स्वतःच्या जुन्या सुती साड्यांचं होतं. ते कौदीसाठी. गोधडीला आम्ही कौदी म्हणतो. शब्द कन्नड आहे, पण थंडी दोन्ही भाषांत सारखीच वाजते. नेसून नेसून मऊ झालेल्या साड्या ती बाजूला टाकी. पुरेशा साठल्या की दोन गल्ल्या पलीकडच्या अक्कांकडून कौदी शिवून घ्यायची, असं ठरलेलं होतं. कोणतं गाठोडं कुठलं, हे तिने मला अनेकदा सांगितलं होतं. मी प्रत्येक वेळी ‘हं’ म्हटलं होतं. संसारातलं माझं बरंचसं योगदान या ‘हं’चं आहे.

साड्या साठल्या आणि ती गेली. बाकीचे कपडे तेराव्यानंतर नातेवाईक बायकांनी वाटून नेले. त्यांचे हात या दोन गाठोड्यांपर्यंत पोचले नाहीत.

समारंभाच्या सकाळी मी कपाट उघडलं. माझा हिशेब मला चतुराईचा वाटत होता. आहेराच्या साड्या मी आता कुणाच्या लग्नात नेणार होतो? विधुराला लग्नाची पत्रिका येते, पण आग्रह येत नाही. तेव्हा ती अडगळ पेटीत टाकावी, कपाट मोकळं व्हावं आणि वर शाल मिळावी. दोन्हींतलं जड गाठोडं मी उचललं. इतक्या साड्या, पुठ्ठे, जरी, म्हणजे जड तेच आहेराचं. सोडून पाहिलं नाही. तिने मारलेली गाठ होती. ती सोडली असती तर मला तशी परत मारता आली नसती, असं त्या वेळी मनात आलं होतं.

सुती कापड जड असतं, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं.

समारंभ छान झाला. फ्लेक्सवर हसऱ्या मुलांचा फोटो होता. त्यांच्या मागे नारळाची झाडं होती. आळंदला नारळ फक्त सत्कारापुरता येतो, तेव्हा मुलं दुसरीकडची असावीत. मॅनेजरने कन्नडमध्ये माझा परिचय करून दिला. त्यात मी थोर साहित्यिक होतो. मी दुरुस्ती केली नाही. भाषणात मी दानाचं महत्त्व सांगितलं, जवळजवळ दहा मिनिटं. मग मी गाठोडं पेटीत टाकलं, टाळ्या झाल्या, माझ्या खांद्यांवर शाल आली. शाल दुकानातलीच होती. तिला हात लावला की बारीक ठिणगी उडायची.

पुढे जवळजवळ दोन महिने मी निवांत होतो.

तुरीची रास होऊन बायकांना जरा उसंत मिळाली तेव्हा अक्का आल्या. अक्का धनगरांच्या. त्यांच्या सासऱ्यांपर्यंत मेंढरं होती, आता थोडं शेत आणि बाकी मजुरी. कौदी शिवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नाही. सुई, दोऱ्याचे गुंडे आणि चष्मा अशी पिशवी घेऊन त्या ओसरीवर बसल्या.

“वैनींनी सांगून ठेवलं होतं. दोन वर्सं मी आले न्हाई, म्हनलं सरांचं मन व्हायचं हाय. आना आता.”

मी गाठोडं आणून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी गाठ सोडली. आतून प्लास्टिकची करकर ऐकू आली. गुलाबी, तोंडलीसारख्या हिरव्या, चमकीच्या साड्या एकामागून एक घसरत ओसरीवर पसरल्या.

“सर, हे काय आनून ठेवलाव?”

मी एक साडी उचलून पाहिली, पुठ्ठ्यासकट होती.

“ह्याची कौदी होत न्हाई. सुई सरकती, थर सरकतो. घाम पीत न्हाई, ऊब धरत न्हाई.” त्यांनी एक चिठ्ठी पुढे धरली. त्यांना वाचता येत नाही. “काय लिवलंय?”

मी वाचलं, “रंग भडक. मेहुण्यांकडून. यांच्या बहिणीला द्यावी, तिला चालतो.”

अक्का हसल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या.

“दुसरं गठुडं कुटं हाय?”

“दान दिलं. दुकानाच्या पेटीत.”

“सोडून बघितलाव न्हाई?”

“नाही.”

“कामून?”

अक्कांनी साड्यांच्या घड्या घालून गाठोडं परत बांधलं, पिशवी काखेत मारली आणि जाता जाता म्हणाल्या, “पुस्तकं अशीच न बघता कपाटात लावत होतासा काय?”

दुकानात गेलो. मॅनेजर तोच होता, टाय सैल झाली होती. त्याला वाटलं मी सवलतीचं कूपन वापरायला आलो. मी म्हणालो, चुकून वेगळं गाठोडं पडलं, आत माझ्या मुलीसाठी ठेवलेल्या साड्या होत्या. मुलीसाठी, असं म्हणालो. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या पांघरुणासाठी बायकोच्या साड्या हव्यात, हे टाय बांधलेल्या माणसाला सांगायला माझी जीभ उचलेना.

“सर, कलेक्शन तर बीदरला जातं. तिथे शहराबाहेर कोळार आहे, त्या गोदामात.”

“आणि तिथून गरजूंना?”

“हां सर, तिथून… प्रोसेस होतं.” त्याने नजर फ्लेक्सकडे नेली. बिचाऱ्यालाही त्यापलीकडचं ठाऊक नसावं. “सर, आता जाऊन काय मिळणार? तुम्ही इथूनच एखादी चांगली साडी घ्या ना मॅडमसाठी. कूपन चालेल.”

दुसऱ्या दिवशी आहेराचं गाठोडं बरोबर घेऊन मी बीदरला निघालो. बदल्यात काहीतरी द्यावं, नुसतं मागायला जाऊ नये, एवढाच विचार होता. आळंदहून कलबुर्गी, तिथून हुमनाबादमार्गे बीदर. बायकांना प्रवास फुकट झाल्यापासून आमच्या बसमध्ये बायकाच बायका असतात. माहेरी, देवाला, दवाखान्यात, किंवा निव्वळ बसून येण्यासाठी. माझी बायको ही सोय सुरू व्हायच्या आधी गेली. नाहीतर तिने बीदरचा किल्ला, बसवकल्याण सगळं पालथं घातलं असतं आणि मी घरी बसून ‘हं’ म्हटलं असतं. गाठोडं मांडीवर घेऊन मी उभ्या बायकांच्या गर्दीत बसलो होतो. एकीने विचारलं, “लेकीकडं निघालाव काय, काका?” मी हो म्हणालो. त्या आठवड्यात मी सरसकट मुलीचं नाव पुढे करत होतो.

कोळारच्या औद्योगिक भागात एका पत्र्याच्या शेडच्या पुढच्या अर्ध्या भागात कंपनीचे नवे खोके होते. मागचा अर्धा भाग कुण्या ठेकेदाराचा होता, तिथे जुने कपडे. पुढच्या दाराने नवा माल आळंदला जातो आणि मागच्या दाराने तोच जुना होऊन येतो, मध्ये एक भिंतही नाही. जेवणाची सुटी होती. पहारेकऱ्याला गाठोडं दिसलं, त्याने मला माल आणणारा समजून आत सोडलं.

पाच-सहा बायका कपड्यांच्या ढिगाला टेकून जेवत होत्या. त्यातल्या एका भालकीकडच्या बाईने मला ‘काका’ म्हणून बसायला जागा केली. जिथे बसलो तो कुणाचा तरी शाळेचा गणवेश होता. मी आळंदच्या पेटीबद्दल विचारलं, दान केलेले कपडे गरजूंना कुठे वाटतात म्हणून विचारलं.

“दान?” ती बाकीच्यांकडे बघून म्हणाली, “ऐका गं, काका दान म्हणायलेत.” मग मला समजावलं. “हितं तीन ढीग हायेत बघा. एक बरा माल, तो बाजारात जातो, हातगाड्यावर. दुसरं सुती. ते कापून मशीन पुसायला कारखान्यात जातं. सुतीला लई मागनी हाय, तेल पितं न्हवं. आन तिसरा ढीग तो.”

शेडच्या मागच्या दारातून तो दिसत होता. शेडपेक्षा उंच. पावसाने, उन्हाने त्याचं काही बिघडलेलं नव्हतं. गुलाबी गुलाबीच होता.

“त्याचं काय करतात?”

“कोन काय करतंय? तेल पीत न्हाई, पानी पीत न्हाई, शिवता येत न्हाई, कुजत न्हाई. कधी वीटभट्टीवाले नेत्यात जाळायला. वासानं डोकं उठतंय.” तिने स्वतःच्या कुडत्याची बाही चिमटीत धरली. “हे बी त्याच दुकानातलं. दोन धुन्यात रंग गेला. पर माझ्या पोरीला वाढदिवसाला ड्रेस मिळाला की न्हाई? मला कधी मिळाला? आमी शिव्या बी देताव आन घेताव बी.”

एवढं नेमकं त्या दुकानाबद्दल मला माझ्या दहा मिनिटांच्या भाषणात सांगता आलं नव्हतं.

सुती साड्या, आळंदच्या, दोन महिन्यांपूर्वीच्या, असं मी विचारलं तेव्हा तिने मान हलवली. सुती माल इथे चार दिवससुद्धा राहत नाही. मग तिलाच काहीतरी आठवलं. कारखान्याला पांढरं कापड लागतं. रंगीत कापडाचा रंग तेलात उतरतो, म्हणून तेव्हाचं एक पोतं त्यांनी परत पाठवलं होतं. ते कोपऱ्यात पडलं होतं. तिने ते ओढत आणलं आणि माझ्यापुढे पालथं केलं.

सगळे चौकोन. हातरुमालाहून थोडे मोठे, मशीनने कापलेले, एकसारखे. शंभर साड्यांचे असतील, दोनशेंचेही असतील. मी फरशीवर बसून एकेक चौकोन बघू लागलो. बायकोबरोबर चाळीस वर्षं काढली होती, तिच्या साड्या ओळखायला किती वेळ लागेल, असं वाटलं होतं. पण निळ्यासारखा निळा होता आणि हिरव्यासारखा हिरवा. ही बारीक ठिपक्यांची तिची का? तिच्याकडे ठिपक्यांची होती की माझ्या आईकडे? मी पाहिलं नव्हतं. ती साडी नेसून समोर वावरत असे आणि मी पुस्तकातून मान वर न करता तिच्याशी बोलत असे.

सुटी संपली, बायका कामाला लागल्या, मी चौकोन उलटसुलट करत राहिलो. शेवटी एक सापडला. निळ्या कापडावर पिवळ्या दोऱ्याचं रफू. निळा दोरा संपला होता, दुकान बंद होतं, आणि तिला दुसऱ्या दिवशी साडी नेसायचीच होती. मी तेव्हा म्हणालो होतो, “साडीला हळद लावली का?” ती दोन दिवस बोलली नव्हती. त्याच साडीचा आणखी एक तुकडा काठावरून ओळखता आला. दोन. बाकीच्यांबद्दल मी शपथ घेऊ शकत नव्हतो.

“मिळालं का, काका?”

“मिळालं. पण पोतंच द्या सगळं.”

ठेकेदाराच्या कारकुनाने पोतं काट्यावर तोललं आणि काय कारखाना आहे तुमचा, म्हणून विचारलं. मी म्हणालो, लहान आहे.

आहेराचं गाठोडं मी त्या बाईपुढे ठेवलं. आता तिसरा ढीग किती वाढेल तेवढा वाढेल, असा विचार होता. तिने सोडलं आणि ओरडलीच. “आगं, नवीन कोऱ्या! घडी मोडली न्हाई!” सगळ्या जणी जमल्या. हिरवी मला, गुलाबी तुला, ही माझ्या जावंच्या पोरीला, असं सुरू झालं. घाम न पिणाऱ्या, ऊब न धरणाऱ्या त्या साड्या बायका खांद्यावर टाकून बघत होत्या आणि एकमेकींना हसत होत्या. आळंदच्या समारंभात जे झालं असं जाहीर केलं होतं ते कोळारला, फ्लेक्सशिवाय, चुकून झालं.

“चिठ्ठ्या काढू का?” तिने विचारलं.

“काढा. मला द्या.”

टाचण्या तिने स्वतःच्या ओढणीला लावल्या, चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. बसमध्ये मी त्या वाचत आलो. ‘परत देऊ नये, ओळखतील.’ ‘पोत बरा आहे, कंजूष माणसाने दिली असूनही.’ ‘कुणालाच देऊ नये, शोभत नाही.’ चाळीस वर्षांत तिने मला एकही पत्र लिहिलं नव्हतं. आम्ही एकमेकांना सोडून कुठे गेलोच नव्हतो. ती इतकी गमतीदार लिहीत असे हे मला ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर मी कंपनीला एक पत्र लिहिलं. कोळारला जे पाहिलं ते लिहिलं, चिडून नव्हे, नोंद केल्यासारखं. ज्याने कपडा विकला त्याला तो अंगावरून उतरल्यावर कुठे जातो हे ठाऊक असावं, आणि ठाऊक असेल तर फ्लेक्सवर तेच लिहावं, एवढंच मागणं होतं. महिन्याने उत्तर आलं. माझ्या मौल्यवान सूचनेबद्दल त्यांनी आभार मानले होते. सोबत कूपन होतं.

अक्कांना मात्र मी बीदरहून आल्यावर आठवड्याभरातच बोलावलं होतं. त्यांनी पोतं ओसरीवर रिकामं केलं आणि चौकोन बघून म्हणाल्या, “कापायचं काम वाचलं.” मी त्यांना सगळं सांगितलं, मुलीच्या नावावर मारलेल्या थापांसकट. वैनींचे यात दोनच तुकडे आहेत, बाकी कुणाचे ठाऊक नाही.

“जित्या का मेल्या?”

“ते कसं कळणार, अक्का?”

त्या थोडा वेळ चौकोन लावत राहिल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “आता ह्या वयात सर इतक्या बायकांत झोपनार. वैनी असत्या तर धरून हानल्या असत्या.”

बऱ्याच दिवसांनी माझ्या ओसरीवर माझ्या हसण्याचा आवाज झाला. तो मला ओळखू आला नाही.

कौदीला दोन आठवडे लागले. अक्का दुपारी येत, काठाकडून आत शिवत जात. मी जवळ खुर्ची टाकून बसे. पुस्तक हातात असे, पण पान उलटत नसे. निळे दोन तुकडे त्यांनी मधोमध लावले होते, आणि त्यातला रफूचा एक तीन बाजूंनी शिवून चौथीकडून उघडा ठेवला होता.

शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, “पोट भरायचं राह्यलं. भाकरी आना.”

आमच्याकडे कौदी संपवताना तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घालून शिवतात. कौदी उपाशी राहिली तर पांघरणाराही उपाशी राहतो, असं बायका म्हणतात. मी डब्यातली भाकरी आणून दिली. अक्कांनी ती हातात घेऊन बघितली आणि बाजूला ठेवली.

“खानावळीची चालत न्हाई. घरच्या तव्यावरची पायजे.”

“घरी कोण करणार?”

“तुमाला हात न्हाईत?”

तवा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता, दोन वर्षांहून जास्त. त्यामागे भिंतीवर त्याच्याएवढं स्वच्छ वर्तुळ होतं. ज्वारीचं पीठ शेजारून आणावं लागलं. अक्का दारात उभ्या राहून सूचना करत होत्या. हात लावायला तयार नव्हत्या. पहिली भाकरी परातीतच तुटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. “पानी फिरवा! वरून पानी! आता उलटा, उलटा, जळायलीय!” तिसरी एका बाजूने करपली, दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली, पण मध्ये बोटभर जागा नीट भाजली होती. अक्कांनी नेमका तेवढाच तुकडा तोडला, फुंकर मारून गार केला, निळ्या तुकड्याखाली सरकवला आणि पिवळ्या रफूच्या बाजूने शिवून टाकला. दोरा दातांनी तोडला.

“मुलीसाठी म्हनत होतासा न्हवं? पुन्याला धाडनार?”

“नाही,” मी म्हणालो. “मलाच पाहिजे आहे.”

“मला ठाऊक हुतं,” त्या म्हणाल्या, आणि चष्मा पिशवीत ठेवला.

त्या गेल्यावर उरलेली भाकरी मी तिथेच उभ्याने खाल्ली, करपलेल्या बाजूसकट. थोड्या वेळाने घंटी वाजली. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा डबा कडीला होता आणि सायकल कोपऱ्यावर. डबा आत घेतला. तवा गार झाला होता. तो घासला आणि खिळ्याला न टांगता चुलीवरच ठेवला.